दूषित जागेची माती आणि भूजल कसे तपासावे : बेसॉल्टच्या प्रदेशासाठी मार्गदर्शिका

विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला किंवा रंग चढला की बहुतेक गावांत पहिली हालचाल ठरलेली असते. कोणीतरी थंड पेयाची रिकामी बाटली विसळून त्यात पाणी भरतो आणि ती जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोहोचवतो. आठ-दहा दिवसांनी एका पानाचा अहवाल येतो आणि त्यातल्या आकड्यांवरून शेजारचा कारखाना दोषी की निर्दोष यावर वाद पेटतो. यात कोणाचा हेतू वाईट नसतो. पण त्या अहवालातून बहुधा काहीच सिद्ध होत नाही, कारण कोणता पदार्थ शोधायचा, तो कुठून निघाला असेल आणि कोणत्या वाटेने विहिरीपर्यंत आला असेल, हे प्रश्न बाटली भरण्यापूर्वी कोणी विचारलेलेच नसतात. नमुना घेणे हे तपासणीतले मधले काम आहे. त्याच्या आधीच्या कामाला पुरेसा वेळ दिला, तर नमुने कमी लागतात आणि जे घेतले जातात ते उपयोगी पडतात.

पुढील विवेचन महाराष्ट्राच्या बेसॉल्ट प्रदेशाला धरून केले आहे. राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग लाव्हाच्या थरांनी व्यापलेला आहे, तर परदेशी हस्तपुस्तिकांतील बऱ्याच पद्धती वाळू-रेतीच्या सलग थरांवर बेतलेल्या असतात. त्या जशाच्या तशा उचलल्यास येथे फसगत होते. उदाहरणासाठी औद्योगिक वसाहतीच्या कडेला अनेक वर्षे चाललेली आणि पुढे बंद पडलेली क्रोम प्लेटिंगची एक शेड डोळ्यांसमोर ठेवली आहे.

कागदपत्रे आणि माणसे

पहिला टप्पा टेबलावरचा आहे. जागेचे सातबारा उतारे आणि फेरफार, वसाहतीतील भूखंड असेल तर त्याचा मंजूर नकाशा, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने वेळोवेळी दिलेली संमतीपत्रे आणि घातक कचऱ्याची वार्षिक विवरणपत्रे मिळवावीत. संमतीपत्रात उत्पादन, सांडपाण्याचे प्रमाण आणि घातक कचऱ्याचा प्रकार लिहिलेला असतो. कारखान्याने वापरलेले पाणी आणि दाखवलेले सांडपाणी यांचा ताळा जमत नसेल, तर मधले पाणी कुठे गेले हा तपासणीचा पहिला धागा ठरतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे जुने नकाशे आणि उपग्रहाची जुनी छायाचित्रे आवर्जून पाहावीत. वसाहत वसवताना बुजवलेला एखादा ओढा त्यांत हमखास दिसतो, आणि बुजवलेल्या ओढ्याच्या भरावातून पाणी आजही जुन्याच वाटेने झिरपत असते.

कागदांत जे नसते ते जुन्या कामगारांकडे असते. रसायनांच्या टाक्या शेडच्या कोणत्या कोपऱ्यात होत्या, जुने द्रावण बदलताना ते कुठे ओतले जाई, पावसाळ्यात खड्डा भरून वाहिला तर पाणी कोणत्या बाजूला उतरे, रात्रपाळीत टँकर येत का, असे साधे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे नकाशावर खुणा करून घ्यावीत. आपल्यावर काही शेकेल अशी भीती वाटली की माणूस गप्प बसतो. म्हणून अशा भेटीत नावे न लिहिण्याचे आश्वासन द्यावे आणि ते पाळावे.

यातून संशयित पदार्थांची यादी तयार होते. क्रोम प्लेटिंगमध्ये क्रोमिक आम्ल वापरतात, म्हणजे षट्संयुजी क्रोमियम (क्रोमेट हे त्याचेच रूप) आलेच. त्याच्या जोडीला निकेल, तांबे, जस्त, काही टाक्यांत सायनाइड, आणि मुलामा देण्यापूर्वी धातूवरचे तेल काढण्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीन असण्याची दाट शक्यता असते. पेट्रोल पंपाच्या जागी यादी अगदी वेगळी होते : बेंझिन, टोल्युइन, झायलीन आणि जुन्या काळाचे शिसे. पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या चाचणीत सामू (पीएच), क्षार, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड आणि जिवाणू पाहतात. तिच्यात क्रोमियम नसते, ट्रायक्लोरोएथिलीन तर नसतेच. तेव्हा ‘पाणी पिण्यायोग्य’ असा शेरा मारलेला अहवाल अशा जागी निरर्थक असू शकतो.

राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावाचे प्रकरण या टप्प्याचे महत्त्व दाखवते. तेथे एच-ॲसिड या रंगद्रव्यासाठी लागणाऱ्या रसायनाचे उत्पादन थोडाच काळ चालले, पण त्यातून सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ निघाला, त्यातील बराचसा आवारात पसरून त्यावर माती टाकण्यात आली, आणि परिसरातल्या विहिरींचे पाणी काळपट होऊन निकामी झाले. उत्पादन थांबले तरी प्रदूषण थांबले नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तेथे केलेली पाहणी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालात महत्त्वाची ठरली. वरून स्वच्छ दिसणाऱ्या भरावाखाली काय आहे, हे केवळ पृष्ठभागाचा नमुना घेऊन तेथे कधीच कळले नसते.

जागेची पायी पाहणी

पाहणी शक्यतो एप्रिल-मे महिन्यांत एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करावी. उन्हाळ्यात जमिनीतील ओल वर खेचली जाऊन सुकते आणि क्रोमेटचे क्षार भिंतीच्या पायथ्याशी, जोत्याच्या भेगांत, नालीच्या काठावर लिंबासारख्या पिवळ्या पापुद्र्याच्या रूपाने वर येतात. पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांत हा पापुद्रा धुऊन जातो आणि तीच जागा निर्मळ वाटू लागते. करपलेले गवत, मध्येच उघडी पडलेली जमीन, जमिनीखाली गेलेल्या पाइपांची तोंडे, अर्धवट बुजलेले शोषखड्डे यांची छायाचित्रे अक्षांश-रेखांशासह घ्यावीत. बंद टाकीत किंवा जुन्या विहिरीत कोणत्याही कारणाने उतरू नये. तेथे साचलेला वायू वासावरून ओळखता येईलच असे नाही.

याच फेरीत जागेपासून किमान अर्धा ते एक किलोमीटर परिसरातील प्रत्येक विहिरीची आणि विंधन विहिरीची नोंद करावी. व्यास, खोली, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर, केसिंग (छिद्राच्या वरच्या भागातला आवरण-पाइप) किती फुटांपर्यंत आहे, पंप दिवसातून किती तास चालतो आणि पाणी पिण्यासाठी वापरतात की शेतीसाठी, एवढी माहिती पुरते. सोबत विद्युतवाहकता आणि सामू मोजणारे हातातले उपकरण असावे. सगळ्या विहिरींची वाहकता एकाच दिवशी मोजून नकाशावर मांडली, तर संशय कोणत्या दिशेला घ्यावा हे प्रयोगशाळेचा एक रुपयाही न खर्चता पुष्कळदा दिसून येते. अर्थात खतांचे आणि गावच्या सांडपाण्याचे क्षारही वाहकता वाढवतात, त्यामुळे याला पुरावा न मानता इशारा मानावे.

उगम, मार्ग, ग्राहक : जागेचे संकल्पनाचित्र

माझ्या मते संपूर्ण तपासणीतील सर्वांत मोलाचा कागद म्हणजे या टप्प्यावर हाताने काढलेला जमिनीचा उभा छेद. त्यात दूषित पदार्थाचा उगम, तो पुढे सरकण्याचे मार्ग आणि त्याची झळ पोहोचू शकणारे ग्राहक, म्हणजे पिण्याच्या विहिरी, भाजीपाल्याची शेते, ओढा, गुरे, दाखवायचे असतात. जे ठाऊक आहे ते सलग रेषेने आणि जो अंदाज आहे तो तुटक रेषेने काढावा. तुटक रेषा जिथे जास्त, तिथे नमुने घ्यायचे.

आपल्या भागात हा छेद वरून खाली साधारण असा जातो : काळी चिकण माती, मुरूम, झिजलेला आणि सांधे-भेगा असलेला खडक, मग मांजऱ्या (पोकळ्यांत पांढरी-हिरवी खनिजे भरलेला बेसॉल्ट) किंवा घट्ट काळा पाषाण, आणि दोन लाव्हा थरांच्या मधोमध कुठेकुठे गेरूचा लाल पट्टा. प्रत्येक थराचा स्वभाव निराळा असतो. काळी माती पावसाळ्यात फुगून पाणी अडवते, म्हणून ती चांगले आवरण आहे असे वाटते. पण उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि वळवाच्या पावसात वरची घाण त्या भेगांतून थेट मुरमात उतरते. मुरूम आणि आडव्या सांध्यांचा खडक पाणी लवकर वाहून नेतो. गेरूचा थर बहुधा पाण्याला थोपवतो, त्यामुळे दूषित पाणी त्याच्यावरून आडवे सरकत दूरच्या नाल्याच्या काठावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडू शकते. डाईक, म्हणजे खडकात उभी घुसलेली भिंत, कधी पाणी अडवते तर कधी तिच्या कडेच्या भेगांतून ते वेगाने वाहते. पृष्ठभागाच्या उतारावरून भूजलाची दिशा गृहीत धरण्याची सवय म्हणूनच सोडून द्यावी.

आणखी एक मार्ग माणसाने तयार केलेला असतो. आपल्याकडे विंधन विहिरीला कठीण खडक लागेपर्यंतच केसिंग टाकतात आणि त्याखालचे छिद्र उघडे ठेवतात. वरच्या झिजलेल्या थरातले दूषित पाणी केसिंगच्या बाहेरून किंवा भेगांतून या छिद्रात शिरते आणि दोनशे-तीनशे फूट खालच्या थरापर्यंत पोहोचते. नैसर्गिक रीतीने ते तिथवर कदाचित गेलेच नसते. कारखान्याच्या आवारातील बंद बोअर हा म्हणूनच संशयितांच्या यादीत अग्रभागी असावा. त्यात सांडपाणी सोडल्याचा संशय असेल तर विशेषच.

पाणी किती वेगाने सरकते याचा ढोबळ हिशोब आधीच करून ठेवावा. पारगम्यता (थर पाण्याला किती सहज वाहू देतो) गुणिले पाणीपातळीचा उतार, भागिले प्रभावी सच्छिद्रता (ज्यांतून पाणी वाहू शकते अशा पोकळ्यांचा वाटा), असे हे सूत्र आहे. झिजलेल्या बेसॉल्टची पारगम्यता दिवसाला १ मीटर, उतार शंभर मीटरला १ मीटर आणि प्रभावी सच्छिद्रता २ टक्के धरली, तर वेग दिवसाला अर्धा मीटर, म्हणजे वर्षाला सुमारे १८० मीटर येतो. बाकी सारे तसेच ठेवून १५ टक्के सच्छिद्रतेची नदीकाठची वाळू घेतली, तर तोच वेग वर्षाला जेमतेम २४ मीटर भरतो. खडकात पाणी थोडे असते, म्हणूनच ते लांब धावते. एखाद्या ठळक भेगेतून प्रत्यक्ष वेग याहून पुष्कळ जास्त असू शकतो, त्यामुळे या आकड्याचा उपयोग शोधाचा परीघ ठरवण्यापुरताच करावा.

पदार्थाचा स्वभावही छेदात दाखवावा. क्रोमेट पाण्यात विरघळून पाण्याबरोबर जाते. पेट्रोल पाण्यावर तरंगते. ट्रायक्लोरोएथिलीन मात्र पाण्यापेक्षा सुमारे दीडपट जड असते, पाण्याच्या पातळीखाली बुडते आणि भेगेच्या उताराने सरकते. तो उतार पाण्याच्या प्रवाहाच्या उलट असला तरी त्याला फरक पडत नाही.

मातीचे नमुने

ठिकाणे दोन रीतींनी निवडतात : संशयाच्या जागी थेट, आणि उरलेल्या आवारात चौकटी आखून. शेडची फरशी, शोषखड्डा, गाळ वाळवण्याची जागा आणि नालीचे तोंड येथे थेट नमुने घ्यावेत. चौकटींचे अंतर अंदाजाने ठरवू नये. वर्तुळाकार डाग ९५ टक्के खात्रीने सापडावा असे वाटत असेल, तर त्याची त्रिज्या ०.५९ ने भागून चौकटीची बाजू काढतात. दहा मीटर त्रिज्येचा डाग निसटू नये म्हणून चौकट सुमारे १७ मीटरची ठेवावी लागते. पन्नास मीटरच्या चौकटी आखून ‘काही सापडले नाही’ असे लिहिलेले अहवाल वाचताना हे गणित लक्षात ठेवावे.

प्रत्येक ठिकाणी वरचे १५ सेंटिमीटर, मग अर्धा मीटर, एक मीटर आणि पुढे मुरूम किंवा खडक लागेपर्यंत थराथरातून नमुना घ्यावा. थर बदलला की अंतर पूर्ण झाले नसले तरी नवा नमुना घ्यावा. दोन थर एकत्र मिसळू नयेत, आणि बाष्पनशील पदार्थांसाठी घेतलेली माती तर मुळीच कालवू नये, कारण कालवतानाच ते पदार्थ उडून जातात. हत्यारांकडेही लक्ष असावे : क्रोमियम शोधायला क्रोमचा मुलामा दिलेले खुरपे किंवा जस्त शोधायला पत्र्याची बादली वापरली, तर निकाल आपणच बिघडवतो. धातूंसाठीची माती स्वच्छ प्लॅस्टिकच्या डब्यात आणि सेंद्रिय रसायनांसाठीची घट्ट झाकणाच्या गडद काचेच्या बरणीत भरून बर्फाच्या पेटीत ठेवावी.

बेसॉल्टच्या मुलखात पार्श्वभूमीचे नमुने घेतल्याशिवाय धातूंबद्दल बोलणेच व्यर्थ आहे. या खडकापासून झालेल्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबे आणि व्हॅनेडियम मुळातच भरपूर असते. प्रदूषणाचा स्पर्श नसलेल्या, पण त्याच प्रकारच्या मातीतून, त्याच खोलीवरून, आठ-दहा नमुने घ्यावेत. काळ्या मातीची तुलना मुरमाशी करून उपयोग नाही. क्रोमियमच्या बाबतीत एकूण प्रमाणासोबत षट्संयुजी प्रमाण वेगळे मोजून घ्यावे. खडकातून आलेले क्रोमियम बहुतेक त्रिसंयुजी असते, पाण्यात फारसे विरघळत नाही, आणि कारखान्याच्या क्रोमियमपासून ते वेगळे काढण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

निरीक्षण विहिरी

शेतकऱ्याची विहीर निरीक्षणासाठी सोयीची वाटते, पण तिचे पाणी मिश्रण असते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते सुमारे १ लाख ४१ हजार लिटर भरते. एका झऱ्यातून दूषित आणि उरलेल्या तीन झऱ्यांतून स्वच्छ पाणी येत असेल, तर नमुन्यात दिसणारा आकडा कोणत्याच झऱ्याचा नसतो. लोक जे पाणी पितात त्याची तपासणी केलीच पाहिजे. मात्र प्रदूषणाचा माग काढायचा असेल तर ठरावीक थरालाच भिडणाऱ्या अरुंद निरीक्षण विहिरी लागतात. उन्हाळ्यात उपसा करून विहिरीचे पाणी तळाला गेले की उघड्या पडलेल्या झऱ्यांतून स्वतंत्र नमुने घेणे, हा आपल्याकडचा एक उत्तम आणि दुर्लक्षित पर्याय आहे. हे काम काठावरून, लांब दांड्याला बांधलेल्या भांड्याने करावे.

निरीक्षण विहिरी किमान तीन असाव्यात आणि त्या एका रेषेत नसाव्यात. एक वरच्या अंगाला, दोन खालच्या अंगाला. खोदकाम स्वच्छ बाजूकडून दूषित बाजूकडे करावे आणि दोन बोअरच्या मध्ये रॉड व हॅमर धुऊन घ्यावेत. आपल्याकडची रिग दाबाखालच्या हवेवर चालते. त्या हवेतून कॉम्प्रेसरचे तेल छिद्रात उतरू शकते आणि बाष्पनशील पदार्थ उडून जातात, म्हणून खोदल्या दिवशी घेतलेला नमुना ग्राह्य धरू नये. रिगच्या तोंडाशी येणारी भुकटी दर मीटरला वेगळी करून प्लॅस्टिकच्या कागदावर ओळीने मांडावी. काळपट भुकटीच्या ओळीत एकाएकी विटकरी लाल ढीग आला की गेरू लागला, आणि पांढऱ्या-हिरव्या खनिजांचे ठिपके दिसू लागले की मांजऱ्या. ज्या खोलीवर पहिली ओल आली ती तिथेच लिहावी. रिगवाल्याला संध्याकाळी विचारून लिहिलेली खोली भरवशाची नसते.

साडेसहा इंची छिद्रात दोन इंची पीव्हीसी पाइप उतरवावा. पाण्याच्या थरासमोर दोन-तीन मीटरचा जाळीदार भाग, त्याभोवती धुतलेली जाडसर वाळू, तिच्यावर किमान अर्धा मीटर बेंटोनाइट (पाण्याने फुगून फट बंद करणारी चिकणमाती) आणि मग जमिनीपर्यंत सिमेंटचा गारा, अशी रचना असते. पाइप आट्यांनी जोडावेत. सोल्युशन लावून चिकटवल्यास त्यातील द्रावके पाण्यात उतरतात आणि प्रयोगशाळा ती इमानेइतबारे मोजून देते. वर कुलूपबंद टोपी आणि भोवती काँक्रीटचा ओटा केला नाही, तर पहिल्याच पावसात ही विहीर स्वतःच प्रदूषणाची वाट होते. बांधकामानंतर पाणी निवळेपर्यंत उपसा करून एक-दोन आठवडे थांबावे.

दिशा काढण्यासाठी तिन्ही पाइपांच्या तोंडांची उंची लेव्हल मशीनने मोजून, एकाच दिवशी पाणीपातळी घ्यावी. समजा, समुद्रसपाटीपासून पातळी पहिल्या विहिरीत ५४२.६०, दुसरीत ५४१.९० आणि तिसरीत ५४१.४० मीटर आहे, आणि पहिली व तिसरी यांच्यात १२० मीटर अंतर आहे. या रेषेवर पातळी १२० मीटरमध्ये १.२० मीटरने, म्हणजे दर मीटरला एक सेंटिमीटरने घटते, म्हणून ५४१.९० ही पातळी पहिल्या विहिरीपासून ७० मीटरवर येते. तो बिंदू दुसऱ्या विहिरीशी जोडला की समान पातळीची रेषा मिळते, आणि तिला काटकोनात, कमी पातळीच्या बाजूला, प्रवाहाची दिशा असते. जोराने उपसा होणारी शेजारची विहीर ही दिशा फिरवू शकते, त्यामुळे मोजणी मे आणि ऑक्टोबर अशा दोन्ही वेळा करावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी या महिन्यांतही घेत असल्याने तुलना करणे सोपे जाते.

एखादा बोअर कोरडा गेला, तर त्याचा अर्थ तेथे प्रदूषण नाही असा होत नाही. बोअरला भेग लागली नाही, एवढेच त्यातून कळते.

पाण्याचा नमुना घेताना

पाइपात उभे राहिलेले पाणी शिळे असते. दोन इंची पाइपात दर मीटरला सुमारे दोन लिटर पाणी मावते. आठ मीटर पाणी असेल तर सोळा लिटर, आणि रूढ नियमानुसार त्याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे पन्नास लिटर उपसल्यावर नमुना घ्यावा. संथ उपसा करणारा पंप असेल तर लिटर मोजत बसण्याऐवजी तीन ते पाच मिनिटांच्या अंतराने सलग तीन वाचने घ्यावीत. सामू ०.१ च्या आत आणि वाहकता ३ टक्क्यांच्या आत स्थिर झाली की बाटली भरावी. उपसलेले पाणी तिथेच जमिनीवर सोडू नये, पिंपात साठवावे.

विरघळलेले धातू मोजायचे असतील तर पाणी जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, मग नायट्रिक आम्लाने त्याचा सामू २ च्या खाली आणावा. हा क्रम उलटा झाला, तर गढूळ पाण्यातील बेसॉल्टच्या मातीचे क्रोमियम आम्लात विरघळते आणि निर्दोष विहीर दोषी ठरते. षट्संयुजी क्रोमियमच्या बाटलीत मात्र आम्ल घालायचे नसते, कारण आम्लात त्याचे त्रिसंयुजी रूपांतर होऊ शकते. ती बाटली थंड ठेवून २४ तासांत तपासून घ्यावी. सायनाइडच्या नमुन्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालून सामू १२ च्या वर नेतात, आणि त्यात चुकून आम्ल पडल्यास प्राणघातक वायू निघतो, म्हणून बाटल्यांवरची लेबले आदल्या दिवशीच लावून ठेवावीत. बाष्पनशील पदार्थांची ४० मिलिलिटरची कुपी काठोकाठ भरून, झाकण लावून उलटी करून पाहावी. हवेचा बुडबुडा दिसला तर ती कुपी बाद करून नवी भरावी.

दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना, म्हणजे त्याच ठिकाणी त्याच वेळी भरलेली दुसरी बाटली, घ्यावा आणि तो कोणता हे प्रयोगशाळेला सांगू नये. एक बाटली शुद्ध पाण्याने भरून जागेवर उघडी करून आणावी, दुसरी न उघडता पेटीतूनच फिरवून आणावी. जोडनमुन्यांत वीस-तीस टक्क्यांहून अधिक तफावत आली किंवा शुद्ध पाण्यात क्रोमियम निघाले, तर बाकीच्या आकड्यांवर विसंबण्यापूर्वी कारण शोधावे लागते. बाटली कोणी भरली, कोणाच्या हाती दिली आणि किती वाजता दिली, याची सह्यांनिशी नोंद प्रत्येक टप्प्यावर हवी.

कायद्याच्या दृष्टीने एक भेद ध्यानात ठेवावा. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे न्यायालयात पुरावा म्हणून चालणारा सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने, जागेच्या ताबेदाराला नोटीस देऊन, दोन भाग करून, मोहोरबंद करून घ्यायचा असतो. ग्रामस्थांनी किंवा महाविद्यालयाने काढलेला अहवाल त्याची जागा घेऊ शकत नाही, पण अधिकृत तपासणी सुरू करून घेण्यासाठी तो फार उपयोगी पडतो. पर्यावरण संरक्षण (दूषित जागांचे व्यवस्थापन) नियम, २०२५ नुसार संशयित दूषित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाकडून राज्य मंडळाकडे जाते, मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक मूल्यांकन करायचे असते आणि गरज दिसल्यास त्यानंतरच्या तीन महिन्यांत सविस्तर पाहणी. किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातील तेलगळती आणि घनकचऱ्याचे डेपो या नियमांत येत नाहीत. अर्जासोबत संकल्पनाचित्र आणि विहिरींचा नकाशा जोडला, तर तक्रारीला वजन येते.

अहवाल वाचणे आणि पुढचे काम

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त आहे एवढे पाहून थांबू नये. जो पदार्थ मोजायचा आहे तो तिच्या मान्यतेच्या यादीत आहे का, ते तपासावे. त्याहून महत्त्वाची आहे शोधमर्यादा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० प्रमाणे एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, शिशाची ०.०१ आणि कॅडमियमची ०.००३ आहे. ज्या उपकरणाला ०.१ च्या खालचे क्रोमियम दिसतच नाही, त्याने दिलेल्या ‘आढळले नाही’ या शेऱ्याला काही किंमत नाही. नमुने देण्यापूर्वीच ही मर्यादा लेखी मागून घ्यावी.

आलेल्या आकड्यांची पहिली परीक्षा घरीच करता येते. धन आणि ऋण आयनांची मिलितुल्यांकांत (वजनाऐवजी विद्युतभारानुसार मोजण्याचे एकक) बेरीज करून दोन्हींत पाच टक्क्यांहून फार फरक येत असेल, तर विश्लेषणात कुठेतरी चूक आहे किंवा एखादा मोठा घटक मोजलाच गेलेला नाही. मातीचे आकडे कोरड्या वजनावर दिले आहेत का, तेही पाहावे. ट्रायक्लोरोएथिलीन त्याच्या विद्राव्यतेच्या एक टक्क्याहून जास्त, म्हणजे लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅमच्या वर आढळले, तर विरघळलेल्या अंशाच्या मागे मूळ जड द्रव जवळपास साचलेला आहे असे समजावे, आणि त्या जागी आणखी खोल बोअर घेण्याची घाई करू नये. नवे छिद्र त्या द्रवाला खालच्या थरात उतरायला वाट करून देते.

निकाल पुन्हा त्या हाताने काढलेल्या छेदावर मांडावेत. काही तुटक रेषा सलग होतील, काही पुसाव्या लागतील, आणि एखाद-दुसरा आकडा कुठेच बसणार नाही. त्या न बसणाऱ्या आकड्याला अपवाद म्हणून बाजूला सारण्याचा मोह होतो, पण अनोळखी भेग किंवा दुसरा उगम बहुधा त्याच्यातूनच सापडतो; पुढच्या फेरीचे नमुने तिथेच घ्यावेत. प्रदूषणाची कड प्रत्येक बाजूला स्वच्छ नमुन्याने बंद होईपर्यंत या फेऱ्या चालू ठेवाव्या लागतात.

पिण्याच्या विहिरीत मर्यादा ओलांडलेली आढळली, तर अंतिम अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी ग्रामपंचायतीला आणि जिल्हा प्रशासनाला लेखी कळवून पर्यायी पाण्याची मागणी करावी. क्रोमेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. घरोघरी हे स्पष्ट शब्दांत सांगावे. ज्या निरीक्षण विहिरी पुढील मोजणीसाठी ठेवायच्या आहेत त्यांच्या किल्ल्या आणि नोंदवही एकाच जबाबदार व्यक्तीकडे द्यावी. उरलेली सगळी छिद्रे, कोरडी गेलेली धरून, तळापासून वरपर्यंत सिमेंट आणि बेंटोनाइटच्या गाऱ्याने भरून बंद करावीत. वरून दगड-माती लोटून बुजवलेला बोअर बंद झाला असे धरू नये.